सोलापुरात अर्कचित्रसंग्रह काढायचा असेल तर

वर्तमानपत्रातलं अर्कचित्र, म्हणजे ठेवणीतले फरक ताणून काढलेलं माणसाचं चित्र, त्या दिवसाच्या बातमीच्या आधारानं उभं असतं. माणूस आदल्या रात्री टीव्हीवर दिसलेला असतो, शेजारच्या मथळ्यात त्याचं नाव असतं. साम्य थोडं कमी पडलं तरी वाचक ते मनातल्या मनात भरून काढतो. संग्रहाला हा आधार मिळत नाही. पुस्तक पाच-दहा वर्षांनी उघडलं जातं तेव्हा बातमी विरलेली असते आणि कागदावर फक्त चेहरा उरलेला असतो. म्हणून माणसांची निवड, रेघेची जाडी, कागद, शेजारच्या पानावरचा मजकूर, असा प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर घासून बघावा: नाव न वाचता हा माणूस ओळखू येतो का, आणि दहा वर्षांनीही येईल का?

खालचा सगळा हिशोब डेमी १/४ आकाराच्या, म्हणजे कापून साधारण साडेआठ बाय अकरा इंच होणाऱ्या, ९६ पानांच्या पुस्तकाचा आहे. अर्कचित्राला पूर्ण पान लागतं. कादंबरीच्या डेमी १/८ आकारात चेहरा मावतो, पण अंगकाठी आणि हात मावत नाहीत.

कोणाला घ्यायचं

९६ पानांत ४२ अर्कचित्रं बसतात. पहिली ९ पानं शीर्षक, प्रकाशनाचा तपशील, प्रस्तावना आणि अनुक्रमणिकेला जातात. पान १० पासून ९३ पर्यंत डावीकडे टिपण आणि उजवीकडे चित्र अशा ४२ जोड्या होतात. शेवटची ३ पानं सूचीला उरतात. ४२ हवीत म्हणून ४२च काढू नका. साठेक काढा आणि ओळख न पटणारी गाळा.

निवडीत एक तृतीयांश चेहरे सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे असावेत: गांधीजी, नेहरू, इंदिरा गांधी, यशवंतराव चव्हाण, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे, लता मंगेशकर, भीमसेन जोशी. या चेहऱ्यांवर वाचकाला तुमच्या हाताची सवय होते आणि मग तो कमी परिचित चेहऱ्यांकडे विश्वासानं जातो. म्हणून पुस्तकाची सुरुवात यांच्यातल्याच कोणापासून तरी करावी.

सोलापूर जिल्ह्याचे चेहरे मुद्दाम शोधावेत, कारण दुसऱ्या गावचा चित्रकार ते काढणार नाही. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि उद्योगपती वालचंद हिराचंद, बार्शीचे शाहीर अमर शेख, सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर निवडून गेलेले गणपतराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. यादी एवढ्यावर संपत नाही. आणखी एक गोष्ट सोलापुरातच सुचते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड. तेलुगू नट एन. टी. रामाराव आणि कन्नड नट डॉ. राजकुमार यांची अर्कचित्रं पुण्याच्या संग्रहात बिनओळखीची ठरतील, इथं लहान पोरगंही बोट ठेवेल.

चार हुतात्म्यांचं अर्कचित्र करू नये. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्याविषयी या शहरात जी भावना आहे, तिच्याशी अतिशयोक्तीचं नातं जुळत नाही. त्यांना घ्यायचंच असेल तर सुरुवातीच्या पानांत साधं, अदबीनं काढलेलं रेखाचित्र द्यावं. संतांनाही हाच नियम लावावा.

चेहरा वाचणं

प्रत्येक व्यक्तीची निदान दहा-पंधरा छायाचित्रं जमवावीत: समोरून, दोन्ही बाजूंनी, हसताना, बोलताना, उभं राहिल्यावर, वेगवेगळ्या वयातली. एकाच फोटोवरून काढलेलं अर्कचित्र त्या माणसाचं न होता त्या फोटोचं होतं. भिंगामुळे फुगलेलं नाक आणि वरच्या दिव्यामुळे पडलेली डोळ्यांखालची सावली आपण चेहऱ्याची ठेवण समजून बसतो. एकच फोटो जसाच्या तसा उतरवला तर छायाचित्रकाराच्या स्वामित्वहक्काचाही प्रश्न येतो.

हयात माणसाला शक्यतो प्रत्यक्ष बघावं. होम मैदानावरची सभा किंवा हुतात्मा स्मृती मंदिरातला कार्यक्रम ही उत्तम जागा. तिथं चेहरा काढत बसू नका, तो फोटोत मिळतो. लकब टिपा: माईक कसा धरतो, ऐकताना मान कुठं कलते, चालताना आधी पोट पुढं येतं की डोकं. जे आता नाहीत त्यांच्यासाठी जुनी चित्रफीत थांबवून थांबवून बघावी. स्थानिक चेहऱ्यांचे जुने फोटो मिळवायला स्थानिक दैनिकांचे जुने अंक, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आणि घरच्या माणसांकडचे अल्बम अशा तीन ठिकाणी चौकशी करावी.

मग मोजमाप. सर्वसाधारण चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. दोन डोळ्यांत एका डोळ्याइतकं अंतर असतं. डोळ्यांच्या रेषेवर चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी भरते. भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच नाकापासून हनुवटीपर्यंत असतं. आपल्या माणसाचा चेहरा या मापांपासून कुठं सरकतो ते लिहून काढावं. खरंच शब्दांत लिहावं: ‘नाक ते वरचा ओठ अंतर फार’, ‘डोळे जवळ’, ‘जबडा कपाळापेक्षा रुंद’. असे सात-आठ फरक निघतात. त्यातले तीन ठेवायचे आणि त्यांचा क्रम लावायचा. पहिला पूर्ण ताणायचा, दुसरा निम्मा, तिसरा नुसता सुचवायचा. बाकीचे सोडून द्यायचे.

सगळ्यात जास्त चित्रं इथं फसतात. नवशिका हात नाक मोठं करतो, कान मोठे करतो, ओठही मोठे करतो, आणि शेवटी मूळ प्रमाणातलाच पण थोराड चेहरा तयार होतो. जे वाढतं त्यानं दुसऱ्याची जागा खाल्ली पाहिजे. जबडा वाढला तर कपाळ आकसायलाच हवं. डोळे जवळ आणले तर गाल रुंदावतात. अर्कचित्रात आपण अवयवांपेक्षा त्यांच्यामधली अंतरं ओढतो. हे एकदा हातात बसलं की नाक फार न वाढवताही ते मोठं वाटायला लागतं.

सरावासाठी एक जुना धडा आहे. पॅरिसमध्ये १८३१ साली शार्ल फिलिपाँ या प्रकाशकावर राजाचा अपमान केल्याचा खटला चालला. त्यानं न्यायालयात चार चित्रं काढून दाखवली. पहिल्यात राजा लुई फिलिपचा सरळ चेहरा होता, चौथ्यात नुसतं नासपती, आणि मधल्या दोनांत एकाचं दुसरं होत जाणं. कोणत्या चित्रावर गुन्हा लावता, असा त्याचा सवाल होता. शिक्षा झालीच, पण ते नासपती फ्रान्सभर पसरलं. प्रत्येक चेहऱ्यासाठी अशा चार पायऱ्या काढून बघाव्यात: साधं साम्य, फरक दिसू लागणं, पूर्ण अतिशयोक्ती, आणि शेवटी नुसता आकार. संग्रहासाठी तिसरी पायरी घ्यावी. चौथी त्या काळच्या माणसालाच कळते. लुई फिलिपचं नासपती आज टीप वाचल्याशिवाय कोण ओळखेल?

वस्तूंवर टेकू नये. गांधीजींचा चष्मा, इंदिराबाईंच्या केसांतली पांढरी बट, लताबाईंच्या दोन वेण्या आणि पांढरी साडी, या खुणा इतक्या प्रसिद्ध आहेत की त्या काढल्या की काम झालं असं वाटतं. कागदाच्या कपट्यानं खूण झाका आणि चेहरा बघा. ओळख गेली तर चेहरा अजून जमलेला नाही. इंदिराबाईंच्या बाबतीत नाकाची लांबी आणि कपाळापासून नाकाकडे उतरणारी रेघ आधी पकडावी आणि बट शेवटी काढावी. पु. लं.मध्ये पुढचे दात लगेच हाताला लागतात. पण नुसते दात काढले तर कोणीही होतो. चष्म्याआडच्या डोळ्यांतला मिस्कीलपणा दातांशी जोडला गेला की मगच पु. ल. होतात.

डोकं आणि अंग यांचं प्रमाण आधी ठरवा आणि सगळ्या पुस्तकात जवळपास तेच ठेवा. प्रत्यक्षात माणूस सात ते साडेसात डोकी उंच असतो. अर्कचित्रात साडेतीन ते चार डोकी बरी पडतात. त्याहून डोकं मोठं केलं तर अंगाची बाहुली होते आणि उभं राहण्याची ढब हरवते. हुसेन अनवाणी चालत. ते अर्ध्या अंगात काढले तर त्यांच्यातलं निम्मं गेलं. भीमसेन जोशींचे हात त्यांच्या तानेबरोबर फिरत, म्हणून निदान मांडीपर्यंतचं अंग आणि दोन्ही हात पानावर हवेतच.

बायकांची अर्कचित्रं बहुतेक संग्रहांत कमी असतात आणि असली तर बुळबुळीत असतात. हात आखडतो, चेहरा गोड केला जातो आणि साम्य निघून जातं. गालफडाचं हाड, हनुवटीचा कोन, पदर घेण्याची पद्धत, मान ताठ आहे की पुढं झुकलेली हे सगळं पुरुषाइतक्याच धिटाईनं काढावं. सुरकुत्या मात्र वाढवू नयेत, स्त्रीच्या नाहीत आणि पुरुषाच्याही नाहीत. सुरकुत्या माणसाचं वय सांगतात, ओळख सांगत नाहीत. त्वचेचा रंग, अपंगत्व, जातीची किंवा धर्माची खूण यांची अतिशयोक्ती करू नये. ते अन्यायाचं आहे आणि त्यानं साम्यही वाढत नाही.

डॉ. कोटणिसांसारख्या माणसाची मोजकीच छायाचित्रं उपलब्ध असतात आणि बरीचशी चीनमधल्या लष्करी पोशाखातली आहेत. तिथं अतिशयोक्ती कमी ठेवावी. पाहणाऱ्याच्या मनात मूळ चेहरा पक्का नसेल तर ताणलेला चेहरा कशाशी ताडून बघायचा? जितका चेहरा परिचित, तितकी मोकळीक जास्त.

कागदावर

चादरीची नक्षी काढणारा कारागीर मागावर किती धागे आहेत हे बघून आखणी करतो. तसंच छापताना चित्र केवढं होणार हे ठरवून मगच पेन्सिल टेकवावी. डेमी १/४ पानावर समास सोडून चित्राला साधारण साडेसहा बाय साडेआठ इंच जागा मिळते. मूळ चित्र दीडपट, म्हणजे पावणेदहा बाय पावणेतेरा इंच काढावं. ते ए-थ्री कागदावर आरामात बसतं. लहान करून छापलं की हाताचा कंप झाकला जातो. दुपटीहून मोठं काढू नये, बारीक रेघा छपाईत मरतात.

रेघेचा हिशोब सोपा आहे. दीडपट चित्र ६६ टक्क्यांवर येतं. ०.१ मिमीच्या पेनाची रेघ ०.०६६ मिमी होते आणि ती तुटक छापली जाते. छापून आल्यावर रेघ ०.०९ मिमीहून बारीक नसावी. म्हणून ०.२ मिमीखालचं पेन वापरूच नये. छायेसाठी मारलेल्या बारीक समांतर रेघांमध्ये मूळ चित्रात निदान अर्धा मिमी जागा सोडावी, नाहीतर शाई भरून तो भाग काळा गोळा होतो.

कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कार्ट्रिज किंवा ब्रिस्टल घ्यावा. वॉश, म्हणजे पाण्यानं पातळ केलेल्या शाईचा हात, द्यायचा असेल तर ३०० जीएसएमचा. शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकच हवी. फाउंटन पेनची शाई वॉशखाली पसरते. टाक मऊ असावा, दाब देताच रेघ जाड होणारा. एकसारख्या जाडीच्या पेनानं काढलेलं अर्कचित्र नकाशासारखं दिसतं. जबड्याखाली, पदराच्या कडेला, खांद्याच्या उतारावर रेघ जाड आणि पापणीवर बारीक असली तरच चेहऱ्याला वजन येतं.

सोलापूरचा उन्हाळा इथं आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पंखा सुरू असतो, टाकावरची शाई वाळून रेघ मध्येच खुंटते आणि वॉशच्या कडा करकरीत उमटतात. शाईचं काम सकाळी लवकर करावं, पंखा अंगावर घ्यावा पण कागदावर नको. छोट्या वाटीत एका वेळी थोडीच शाई ओतावी, घट्ट झाली तर एक-दोन थेंब डिस्टिल्ड वॉटर घालावं. बोअरचं जड पाणी घालू नये, त्यातल्या क्षारांनी शाई फाटून कण धरते. वॉश देण्याआधी कागद मागून हलका ओला केला तर रंगाला पसरायला वेळ मिळतो.

कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीनं करावं. रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळा चॅनल घेतला की निळी रेघ जवळजवळ नाहीशी होते आणि शाई काळी राहते. खोडरबर घासून शाई फिकी होण्याचा धोका टळतो.

ओळखीची परीक्षा

घरच्यांची मतं या कामाला निरुपयोगी. तुम्ही आठवडाभर कोणाचं चित्र काढताय हे त्यांना माहीत असतं. नाव नसलेल्या प्रती घेऊन नवी पेठेत, अशोक चौकात, विद्यापीठाच्या आवारात, एखाद्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर जावं. प्रत्येक चित्र पाच सेकंद दाखवावं आणि नाव विचारावं. वय आणि भाषा बघून माणसं निवडावीत, कारण विशीतल्या मुलाला यशवंतराव चव्हाण ओळखू न येणं हा चित्राचा दोष नसतो. त्या पिढीच्या दहांतल्या सात जणांनी ओळखलं तर चित्र ठेवा. चार-पाच जणांनी ‘कोणीतरी पुढारी’ म्हटलं तर पोशाख ओळखला गेला, माणूस नाही, आणि ते पुन्हा काढावं. सगळे एकच चुकीचं नाव सांगत असतील तर त्या दुसऱ्या माणसाचा फोटो समोर ठेवा आणि दोघांत काय वेगळं आहे तेवढंच वाढवा. हा उपाय लवकर लागू पडतो.

चित्र आरशात बघणं आणि उलटं धरणं या दोन्ही तपासण्या शाई लावण्याआधी कराव्यात. एक डोळा खाली घसरलेला असेल तर आरशात लगेच दिसतो.

स्कॅन

मोबाइलनं फोटो काढून छपाईला देऊ नये. भिंगामुळे कडा वाकतात, आणि अर्कचित्रात तर सगळा खेळ अंतरांचाच आहे. ए-थ्री फ्लॅटबेड स्कॅनर असलेल्या दुकानात ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावं. दीडपट चित्र लहान होऊन छापल्यावर ते ९०० डीपीआय भरतं. रेघांच्या कामाला तेवढं पुरतं, वॉशला तर भरपूर. झेरॉक्सच्या मोठ्या मशीनवर करत असाल तर पार्श्वभूमी आपोआप पांढरी करण्याची सोय बंद करायला सांगा, नाहीतर फिके वॉश उडून जातात. फाइल टिफमध्ये घ्यावी. जेपेगमध्ये रेघांच्या कडेला धूळ बसल्यासारखे ठिपके येतात.

पोस्टर व्हाइटनं केलेल्या दुरुस्त्या ग्रेस्केल स्कॅनमध्ये राखाडी डागांसारख्या दिसतात. त्या संगणकावर साफ कराव्यात. पण रेघ ‘सुधारायला’ बसू नये, जिवंतपणा जातो.

फर्मे, कागद, बांधणी

डेमी १/४ साठी २३ बाय ३६ इंची कागद लागतो. एका तावाची ८ पानं होतात, दोन्ही बाजू धरून १६ पृष्ठं, म्हणजे एक फर्मा. ९६ पृष्ठांचे ६ फर्मे. ५०० प्रतींना ३,००० ताव, म्हणजे ६ रीम, आणि वाया जाणारे वेगळे. दर फर्म्याला शंभरेक ताव जादा धरावेत, मशीन लागेपर्यंतच बरेच जातात. १२० जीएसएमचा असा एक रीम साधारण ३२ किलो भरतो. सहा रीम म्हणजे १९२ किलो. प्रेसनं सांगितलेल्या कागदाच्या वजनाशी हा आकडा पडताळून बघता येतो.

रंगाचा निर्णय इथंच होतो. पूर्ण आकाराचा ताव घेणाऱ्या मशीनवर एका फर्म्याला एका रंगात २ प्लेटा, सहा फर्म्यांना १२. सगळं पुस्तक चार रंगांत केलं तर ४८. पाच फर्मे काळ्यात आणि एक फर्मा रंगीत ठेवला तर १० आणि ८ मिळून १८. रंगीत चित्रं पुस्तकभर विखुरण्याचा मोह फार होतो, पण रंगीत फर्म्यातली १६ पानं पुस्तकात एकापाठोपाठच येतात. म्हणून कोणती आठ अर्कचित्रं रंगीत हे मांडणीच्या आधी ठरवा आणि ती एका फर्म्यात बसवा. बाकीची काळ्या शाईतच छान दिसतात. अर्कचित्र हा मुळात रेघेचा प्रकार आहे. आमचं मत विचाराल तर पहिला संग्रह पूर्ण काळ्यात काढावा आणि वाचलेले पैसे कागदावर घालावेत.

कागद १२० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला छपाईचा साधा कागद) किंवा नॅचरल शेड (किंचित पिवळसर). चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइट चमकते आणि रेघ थंड वाटते. ९० जीएसएमवर उजव्या पानावरचा काळा भाग मागच्या टिपणातून दिसायला लागतो. मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे मधल्या राखाडी छटा २० टक्क्यांच्या आसपास गडद उतरतात. ५० टक्के राखाडी ७० टक्क्यांसारखी दिसते. वॉशची चित्रं तेवढी उजळ करूनच द्यावीत आणि सावलीतला गडद भाग ८५ टक्क्यांवर थांबवावा. रेघा आणि मजकूर फक्त काळ्या शाईतच हवेत. चार रंगांचा मिळून केलेला काळा केसभर सरकला तरी रेघेला लाल-निळी कड येते, आणि देवनागरीची शिरोरेषा तर ताबडतोब दुहेरी दिसते.

बांधणी दोरा-शिलाईचीच करावी. अर्कचित्रांचं पुस्तक लोक सपाट उघडून बघतात. नुसत्या गोंदावरची पर्फेक्ट बाइंडिंग तशी उघडल्यावर तडकते आणि चित्रांची पानं सुटी होतात. मणक्याच्या बाजूचा समास २० मिमी ठेवावा. चित्र डाव्या-उजव्या पानांवर पसरवू नये, चेहऱ्याचा मध्य शिलाईत जातो. मुखपृष्ठ ३०० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा छापील भाग). मणक्याची जाडी अंदाजानं धरू नका, ४८ कोऱ्या पानांची नमुनाप्रत बाइंडरकडून करून घ्या आणि मोजा. १२० जीएसएमला ती ७ मिमीच्या आसपास येते. तयार पुस्तक ४०० ग्रॅमच्या आत राहतं, त्यामुळे पुठ्ठ्यात बांधून कुरिअरला ५०० ग्रॅममध्ये बसतं.

शेजारचं पान

डाव्या पानावर १२० ते १५० शब्द पुरतात. पण त्यात काही गोष्टी असायलाच हव्यात: पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, माणूस कशासाठी ओळखला गेला, चित्र कधी आणि कोणत्या प्रसंगावर काढलं, आधी छापलं असेल तर कुठं आणि कोणत्या तारखेला, आणि माध्यम. विनोद समजावून सांगू नये, प्रसंग सांगावा. उदाहरणार्थ: ‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२). जन्म सोलापूर. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले एक. तिथंच रुग्णसेवा करताना निधन. टाक आणि शाई.’ एवढं मिळालं की लष्करी टोपीतला हा तरुण कोण, हे शाळेतल्या मुलालाही कळतं.

काळ बदलल्यावर जुन्या चित्राचं काय होतं याचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. राज्यघटनेच्या कामाला लागणाऱ्या वेळावर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली काढलेलं, गोगलगाईवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे आसूड उगारलेले नेहरू असलेलं व्यंगचित्र पाठ्यपुस्तकात आलं आणि २०१२ साली त्यावरून संसदेत वादळ उठलं. चित्र जुनंच होतं, वाचणारा काळ बदलला होता. आसूड आणि गोगलगाय यांचा अर्थ त्या काळात एक लागला, नंतर दुसरा लागला आणि तो अनेकांना जिव्हारी लागला. जुनी चित्रं पुन्हा छापताना तारीख आणि प्रसंग तर द्यावाच, पण आज ते चित्र कोणाच्या डोळ्यांना कसं दिसेल हेही आधी चार वेगळ्या माणसांना विचारावं. काही चित्रं तेव्हा योग्य असली तरी आता वगळावीशी वाटतात. ती वगळावीत.

अक्षरजुळणीत युनिकोड वापरा. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केला तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि रफार हमखास बिघडतात. ‘सुऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वर्ष’ हे शब्द शोधून तपासावेत. पानं मांडायच्या इनडिझाइन या प्रोग्राममध्ये भारतीय लिप्यांसाठी लागणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी बसतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं देवनागरी १२ पॉइंटखाली देऊ नये.

हक्क आणि कायदा

वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेली अर्कचित्रं पुस्तकात घेता येतात का, हा प्रश्न पहिला येतो. स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, करारात वेगळं नसेल तर वर्तमानपत्राच्या मालकाचा हक्क नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता असतो. बाकीचे हक्क चित्रकाराचे. तरीही करार बाहेर काढून वाचा आणि संपादकांचं लेखी पत्र घ्या. कोणी पैसे देऊन स्वतःचं अर्कचित्र काढून घेतलं असेल तर मात्र, वेगळं ठरलं नसल्यास, पहिला हक्क त्याचा असतो. असं चित्र परवानगीशिवाय घेऊ नये.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे, आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोठं नाक ही बदनामी नव्हे. हयात माणूस एखादं सिद्ध न झालेलं गैरकृत्य करताना दाखवणं किंवा ओळीत तसं सुचवणं यातून धोका येतो. दिवंगत व्यक्तीबद्दलही, कुटुंबीयांना दुखवण्याच्या हेतूनं केलेला आरोप त्यात येतो. म्हणून चित्रापेक्षा चित्राखालची ओळ वकिलाला आधी दाखवा. ‘सर्व पात्रं काल्पनिक’ असली सूचना छापू नये. खऱ्या माणसांच्या संग्रहात ती खोटी असते आणि तिचा उपयोगही होत नाही.

पुस्तक वेगळं आणि कप-टीशर्ट वेगळे. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली बाहुल्या विकण्याला मनाई केली, मात्र अर्कचित्र आणि विडंबन हे आपोआप प्रसिद्ध व्यक्तीच्या स्वतःच्या ओळखीवरच्या हक्काचा भंग ठरत नाहीत असंही म्हटलं. हयात कलावंतांचे चेहरे वस्तूंवर छापून विकायचे असतील तर त्यांची परवानगी घ्यावी. मुखपृष्ठावर अशोकस्तंभाची राजमुद्रा वापरू नये. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना पुढाऱ्यांच्या चित्रांचं पुस्तक प्रकाशित करणंही टाळावं. पुस्तक प्रचाराचं साहित्य ठरवलं जाण्याचा वाद फुकट ओढवतो.

प्रेसमध्ये आणि नंतर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. अर्ज मांडणी सुरू करतानाच करावा, कारण बारकोड मलपृष्ठावर पांढऱ्या चौकटीत काळा बसवायचा असतो. ३०० प्रतींच्या खाली डिजिटल छपाई परवडते, पण टोनरचा काळा चमकतो आणि बारीक रेघ थोडी सुजते. वरच्या संख्येला ऑफसेटच घ्यावी.

पहिला फर्मा लागताना प्रेसवर हजर राहा. संगणकावरचं प्रूफ आणि मशीनवरचा ताव यांत फरक असतोच. तीन गोष्टी बघा: सगळ्यात बारीक रेघ सलग आहे का, सगळ्यात गडद वॉशमध्ये तपशील उरला आहे का, आणि तावाच्या दोन टोकांना काळा सारखाच आहे का. समोरासमोरच्या पानांवर एक काळा गडद आणि दुसरा राखाडी आला तर चित्रकारालाच दोष दिला जातो. मशीनवाला शाईच्या चाव्या फिरवून हे दोन मिनिटांत सुधारतो, पण छपाई सुरू असतानाच. बरोबर वाटलेल्या तावावर सही करून तो मशीनजवळ ठेवायला सांगा आणि पुढचे फर्मे त्याच्याशी जुळवून घ्या. शाई वाळायला एक दिवस द्यावा. घाईनं घडी घातली तर काळ्या भागाचा डाग समोरच्या टिपणावर उमटतो.

प्रकाशनासाठी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळावेत. शहर तेव्हा सिद्धेश्वराच्या वाटेवर असतं आणि होम मैदानाकडे गाडी नेणं अवघड होतं. यात्रा संपल्यावरचा एखादा रविवार बरा. मूळ चित्रांचं प्रदर्शन सोबत लावलं तर पुस्तकं जास्त विकली जातात. चित्रांखाली नावं लावू नका, क्रमांक लावा आणि लोकांना ओळखू द्या. कोणता क्रमांक अडला याची नोंद ठेवा, दुसऱ्या आवृत्तीत तीच चित्रं पुन्हा काढायची असतात.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत प्रकाशकानं स्वखर्चानं एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं पाठवायची असते. या चार प्रती आणि सोलापुरातल्या वाचनालयांसाठी निदान दहा प्रती विक्रीच्या गठ्ठ्यातून पहिल्याच दिवशी बाजूला काढाव्यात. मूळ चित्रं आम्लरहित कागदात घालून आडवी ठेवावीत, गुंडाळू नयेत. स्कॅनच्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात.